अडला तो बसला

मुंजाजीची कीर्ती गावाबाहेर गेली तेव्हा त्याला स्वतःचं नाकसुद्धा नीट पुसता येत नव्हतं. बोरीपासून दोन कोसांवरचं त्याचं गाव. गावात लग्न असलं आणि पाहुण्यांचं वऱ्हाड मारुतीच्या देवळात उतरलं, की चहा होईस्तोवर करमणूक म्हणून या पोराला पुढं काढत. वऱ्हाडातला एखादा पटकेवाला मिशीवर हात फिरवत विचारी, "सत्तावीस औट?" त्याचा हात मिशीवरून खाली यायच्या आत मुंजाजी म्हणे, "साडेचौऱ्याण्णव." औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पावकी, निमकी, दिडकी म्हणणारी माणसं तेव्हा गावोगाव होती, पण औटकीपाशी भल्याभल्यांची दातखीळ बसायची. मुंजाजीचे वडील दत्तराव मागं उभे असत. पोराचं उत्तर आलं की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे, आणि उत्तर बरोबर की चूक हे त्यांना स्वतःला कळत नसल्यामुळं ते आधी पटकेवाल्याच्या तोंडाकडं बघत.

हे सगळं सिताराम गुरुजींचं शिक्षण. गुरुजी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. गुणाकाराला ते शेवटपर्यंत 'जरब' म्हणत, आणि पोरांना त्या शब्दाचे दोन्ही अर्थ छडीमुळं एकदमच कळत. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला गुरुजी सगळ्या पोरांना भिंतीला पाठ लावून उभं करायचे आणि एका टोकापासून पाढ्यातलं काहीही विचारत सुटायचे. उत्तर आलं तर उभं राहायचं. तोंडातल्या तोंडात घुटमळलं तर गुरुजी छडी खाली करत आणि म्हणत, "अडला तो बसला." बसलेल्यानं मग तास संपेपर्यंत खालीच बसायचं, उभ्या असलेल्यांच्या पायांकडं बघत. शेवटी जो एकटा उभा राही, त्याला शाळा सुटल्याची घंटा वाजवायला मिळे. चौथीत गेल्यापासून ती घंटा मुंजाजीशिवाय दुसऱ्या कुणी वाजवल्याचं गावाला आठवत नाही.

सगळ्यात आधी बसणारी ठरलेली होती. लिंबाजीची सत्यशीला. बौद्धवाड्यातून येणारी, किडकिडीत, दोन वेण्यांतली एक कायम सुटलेली. गुरुजींनी विचारलं, "सात साते?" की ही छपराकडं बघायला लागे. एकदा गुरुजींनी चिडून विचारलं, "आगं, वर काय बघायलीस? उत्तर वर टांगलंय का?"

ती म्हणाली, "न्हाई गुरुजी. सात साते माझं पाठ न्हाई. पर सात पाचे पस्तीस ठाव हाय. त्याच्यात आनखी दोन सात घालायले."

सगळा वर्ग खो खो हसला. गुरुजी म्हणाले, "तुझं घालून होईस्तोवर गाडी चुडाव्याला पोचंल. बस खाली." ती बसली. मुंजाजी सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. गणित यायला काय लागतं, असं त्या वयात त्याला कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, तोंड लागतं. आणि तेव्हा त्याचं तोंड सुरीसारखं चालत होतं.

पुढं बोरीच्या हायस्कुलात दोघंही पायी जात. भूमिती आली. मुंजाजीनं प्रमेयं पाढ्यांसारखी पाठ केली, 'पक्ष, साध्य, सिद्धता' अशी ठेक्यात. आकृतीतली अक्षरं बदलली तर त्याला घाम फुटे, पण परीक्षेत अक्षरं बदलत नसत. सत्यशीला एकेका प्रमेयापाशी चार चार दिवस मुक्काम करी. "पर असं का म्हून?" हा तिचा प्रश्न मास्तरांना नको झाला होता. दहावीला मुंजाजीला गणितात दीडशेपैकी एकशे त्रेचाळीस पडले. दत्तरावांनी गावात पेढे वाटले. सत्यशीलाला सत्त्याण्णव. लिंबाजीनं पेढे वाटले नाहीत, पण पोरीला परभणीला, कॉलेजात सायन्सला घातली. गावात लोक म्हणाले, सत्त्याण्णववाल्या पोरीनं सायन्सला जायचं म्हणजे लंगड्यानं डोंगर चढायचा. त्याच कॉलेजात नाव घातलेल्या मुंजाजीलाही तसंच वाटलं.

ते अठ्ठ्याहत्तर साल. कॉलेज सुरू होऊन महिना झाला नाही, तोच विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. कॉलेज बंद पडलं, पोरं गावोगाव परतली. मुंजाजीच्या गावातही एका दुपारी बौद्धवाड्यावर जमाव गेला. लिंबाजीचं छप्पर जळालं आणि कणगीतली ज्वारी जळाली. जाळायला आलेले सगळे परगावचे नव्हते, हे गावाला माहीत होतं आणि अजून आहे. दत्तरावांनी आपल्या घराला आतून कडी लावली. "आपल्याला काय करायचंय," म्हणाले. मुंजाजी आत बसून ओरडा ऐकत होता. सोळा वर्षांचा होता, बाहेर जाऊन त्यानं काय दिवे लावले असते, हा प्रश्न वेगळा. पण कडी काढावी असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही, आणि हे त्याचं त्याला पुढं फार लागलं. लिंबाजी बायकापोरं घेऊन परभणीला मेहुणीकडं, चांगुणाबाईकडं गेला. मग गावात त्यांचं कुणी उरलं नाही.

सप्टेंबरात कॉलेज उघडलं. मुंजाजी वर्गात गेला तर दुसऱ्या बाकावर सत्यशीला बसलेली. अंगावर दुसऱ्या कुणाचं तरी ढगळ पोलकं, हातात वही. काय बोलायचं हे त्याला सुचलं नाही, आणि जे सुचायला हवं होतं ते बोलायचं धाडस नव्हतं.

गणिताला काझी सर होते. उंच, पाठीत वाकलेले, खिशात कायम खडूचे तुकडे. शिकवायचं इंग्रजीत आणि खुलले की दख्खनीत. त्यांनी त्या आठवड्यात पुस्तक मिटून ठेवलं आणि फळ्यावर एक चौकोन काढला. "ये एक कमरा है," ते म्हणाले. "आठ फूट लंबा, आठ फूट चौडा. तिरप्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकेक फुटाचे चौकोनी खांब. बाकीच्या जमिनीवर शहाबादी फरशी बसवायची आहे. फरशी दोन फूट लांब, एक फूट रुंद. एकही फरशी तोडायची नाही. बसेल का?"

सरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुंजाजी उभा राहिला. "बसंल सर. चौसष्टातून दोन गेले बासष्ट. बासष्ट भागिले दोन. एकतीस फरश्या."

वर्गातल्या एकोणपन्नास माना त्याच्याकडं वळल्या. मारुतीच्या देवळातला जुना दिवस परत आल्यासारखं त्याला वाटलं.

काझी सर हसले. "माशाअल्ला, इकतीस. अब बिछा कू बताओ."

मुंजाजी फळ्यापाशी गेला आणि फरश्या काढू लागला. तीस झाल्या. दोन घरं उरली, एक या टोकाला, एक त्या टोकाला. पुसून पुन्हा काढलं, पुन्हा तीस आणि पुन्हा दोन घरं एकमेकांपासून लांब. तिसऱ्यांदा पुसायला त्यानं फडकं उचललं. सर म्हणाले, "बैठो मियाँ, बैठो. जल्दी कायकू? सब लोग सोचो. पीर के दिन बताना. नहीं आया तो भी बताना."

बैठो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी वर्गात खाली बसवलं होतं. सरांच्या मनात काही नव्हतं, बिचारे सहज म्हणाले. पण मुंजाजीच्या कानात सिताराम गुरुजींची छडी वाजली. सगळा वर्ग आपले पाय मोजतोय असं वाटून तो मान खाली घालून बसला.

सोमवारपर्यंतचे ते दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. खोलीवर त्यानं वहीच्या जुन्या पुठ्ठ्याच्या एकतीस फरश्या कापल्या आणि जमिनीवर खडूनं पट आखला. कधी खांबापासून सुरू करी, कधी मधून, कधी गोल गोल. तीसच बसत. एकतिसावी फरशी हातात राही आणि दोन घरं त्याच्याकडं बघत राहत. जगातलं प्रत्येक गणित त्याला आजवर एक तर लगेच आलेलं होतं किंवा ते त्याच्यापुढं आलंच नव्हतं. न येणाऱ्या गणितापाशी बसायचं कसं, तिथं बसून करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शनिवारी दुपारी त्याच्या मनानं निकाल लावून टाकला. आपलं डोकं संपलं. होतं तेवढं दहावीपर्यंत पुरलं, आता तळ लागला. बाकीच्या एकोणपन्नास पोरांना एव्हाना उत्तर आलं असणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

सोमवारी सकाळी त्यानं ट्रंक उचलली आणि एसटी स्टँड गाठलं. बोरीची गाडी लागायची होती. समोरून सत्यशीला येत होती, वही छातीशी धरून, कॉलेजकडं निघालेली. चुकवायला जागा नव्हती.

"कुठं निघालास?" तिनं विचारलं.

"गावाकडं. सोडलं कॉलेज."

"का म्हून?"

मुंजाजीच्या तोंडातून निघालं, "ह्या दंगलीनं समदं वाटोळं केलं. महिनाभर बंद होतं. वर्ष बुडालंच की."

कुणापुढं बोललो, हे बोलल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तिचं घर जळून दीड महिनाही झाला नव्हता. ती नुसती त्याच्या ट्रंकेकडं बघत राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "ते फरशीचं आलं का तुला?"

"न्हाई आलं. तेच सरांला सांगायला चाललेय, न्हाई आलं म्हणून."

गाडीत बसल्यावर मुंजाजीला तिची कीव आली. न्हाई आलं, हे सांगायला कुणी दोन मैल चालत जातं का? लाज वाटायला नको?

दंगलीची सबब गावानं लगेच उचलली. "पोरगं लय हुशार, पर दंगलीनं नुकसान केलं," असं दत्तराव ज्याला त्याला सांगू लागले. आधी मुंजाजी मान खाली घालून ऐके. पुढं पुढं तो स्वतःच सांगू लागला, आणि दहा वेळा सांगितल्यावर त्याला ते थोडंफार खरंही वाटायला लागलं. ज्यांची घरं जळाली ती माणसं गावातून गेली, आणि ज्याचा केसही वाकडा झाला नव्हता तो नुकसान झालेला म्हणून मिरवू लागला. असं पुष्कळांचं झालं त्या वर्षी, पण म्हणून मुंजाजीचं कमी होत नाही.

त्यानं डी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला. मानवतच्या बाजूला एका गावात नेमणूक मिळाली. आता गुरुजी झाला म्हणून त्याला अहोजाहो करायला हवं, गाव करतंच. पण ही हकिगत त्याच्या आतल्या माणसाची आहे, तेव्हा इथं तो 'तो'च राहू दे. शिकवायला तो मोठा मेहनती. सकाळी तासभर आधी शाळेत. त्याच्या वर्गात शनिवारी भिंतीला रांग उभी राही आणि तो म्हणे, "अडला तो बसला." त्याच्या हाताखालची पोरं चौथीच्या शिष्यवृत्तीत चमकत. साहेब लोक तपासणीला आले की मुद्दाम त्याचा वर्ग बघत. ती चमकलेली पोरं आठवी-नववीत गेल्यावर कुठं विझतात, हे तो बघायला गेला नाही. एखादं पोरगं बाजारात भेटे, शाळा सोडून कापसाच्या जिनावर हमाली करणारं, आणि म्हणे, "गुरुजी, पुढचं काई झेपलं न्हाई." मुंजाजी म्हणे, "असतं एकेकाचं डोकं." तेव्हा आत कुठंतरी कळ येई, पण ती तो दाबून टाकी.

लग्न झालं. बायको सुलाबाई, समजूतदार, सात यत्ता शिकलेली. पोरगी झाली, तिचं नाव चतुरा. नाव ठेवताना बापाच्या मनात काय होतं हे सांगायला नको. पण चतुरा नावाला जागेना. पाढे तिच्या तोंडी टिकत नसत. भावकीतली पोरं पंधराचा पाढा म्हणून मोकळी झाली तरी ही नवाच्या पाढ्यातल्या उत्तरांचे दोन अंक मिळवत बसलेली असे. "दादा, हे बगा ना, अठरा, एक आन आठ नऊ. सत्तावीस, दोन आन सात नऊ. हे दर येळी नऊच कसं होतंय?" मुंजाजी म्हणे, "ते राहू दे. नऊ नवे किती ते सांग."

ती पाचवीत असताना, त्र्याण्णवच्या दिवाळीआधी, अपूर्णांकांचा भागाकार आला. संध्याकाळी ओसरीवर पोरगी वही मांडीवर घेऊन बसली होती. पेन्सिल चालत नव्हती.

"काय करायलीस?" मुंजाजीनं विचारलं.

"इचार करायले. दादा, अर्ध्याला अर्ध्यानं भागलं तर एक येतंय म्हणं. भागलं म्हंजी वाटलंच न्हवं? अर्धी भाकर वाटली तर आनखी बारीक तुकडं व्हायला पायजेत. ती एक अख्खी कशी व्हायलीय?"

"उलटं करून गुणायचं. झालं."

"पर उलटं का म्हून?"

वीस वर्षं मुंजाजी उलटं करून गुणत होता. का, ते त्याला माहीत नव्हतं. त्या सप्टेंबरातल्या फळ्यापाशी परत उभा असल्यासारखं त्याला वाटलं. आणि माणूस घाबरला की ज्याच्यावर चालतं त्याच्यावर ओरडतो. तो ओरडला, "इचार करत बसली तर जल्म जाईल तुझा! नियम हाय तो हाय. येत नसंल तर बस तिथं भितीला."

सुलाबाई आतून म्हणाली, "आवं, करू द्या की तिला इचार. कुठं आग लागलीय का?"

"तू मधी पडू नको. तिचं डोकं मंद हाय, आत्ताच वळण लावलं न्हाई तर शेण थापंल."

मग रोज संध्याकाळी हेच. मुंजाजी विचारी, पोरगी घुटमळे, तो म्हणे "बस," आणि ती भिंतीला टेकून बसे. बाकीची पोरं अंगणात खेळत, हिला दिवेलागणीपर्यंत उठायची मुभा नसे. शाळेतही शनिवारी सगळ्यांदेखत पहिली बसणारी तीच, आणि बसवणारा बाप. महिना-दोन महिने चाललं हे. पोरीची भूक कमी झाली. सुलाबाईनं एकदा निर्वाणीचं सांगून पाहिलं, पण मुंजाजीला वाटे, आपण हिचं भलंच करतोय. संक्रांतीच्या सुमारास पोरगी सुधारली. फटाफट उत्तरं द्यायला लागली. 'का म्हून' बंद झालं. मुंजाजीनं सुटकेचा श्वास टाकला.

त्याच जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षांनी तो वाद एकदाचा मिटला. आणि फेब्रुवारीत मानवतला गणिताच्या शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर लागलं. हायस्कुलाच्या हॉलमध्ये साठेक गुरुजी-बाई जमले होते. तिसऱ्या दिवशी मार्गदर्शनाला औरंगाबादहून कॉलेजातल्या एक मॅडम आल्या. डॉक्टर सत्यशीला अमुक असं फळ्यावर लिहिलेलं होतं. आडनाव सासरचं, मुंजाजीच्या लक्षात आलं नाही. मॅडम आत आल्या, पदर नीट केला, छपराकडं एकदा बघितलं, आणि मुंजाजी जागच्या जागी थिजला.

तिनं फळ्यावर चौकोन काढला. आठ फूट बाय आठ फूट. दोन खांब. शहाबादी फरशी.

"एकतीस!" साठातले चाळीस जण एका सुरात म्हणाले.

मुंजाजी गप्प राहिला. तिची नजर हॉलभर फिरली आणि त्याच्यावर येऊन थांबली. मग तिनं सगळ्यांना अर्धा तास झगडू दिलं. कुणी कागद फाडत होतं, कुणी चिडत होतं, एक जण म्हणाला हे अभ्यासक्रमात नाही. शेवटी ती म्हणाली, "माझी मावशी वाकळ शिवायची. एक तुकडा तांबडा, एक पांढरा, परत तांबडा. एकदा ती शिवताना बघत बसले होते. वाटलं, ही जमीन पण अशीच रंगवली तर?" तिनं खडूनं एकाआड एक घरं रंगवली. "आता फरशी कुठंही ठेवा, तिच्याखाली एक तांबडं आणि एक पांढरं घर येणारच. पण खांबांखाली गेलेली दोन्ही घरं बघा. दोन्ही पांढरी. उरली बत्तीस तांबडी आणि तीस पांढरी. जोड्या जमणारच नाहीत. फरशी बसतच नाही. कितीही हुशार गवंडी आणा."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मुंजाजीला हसावं की रडावं कळेना. न येणाऱ्या गोष्टीला तो सोळा वर्षं स्वतःचं न येणं समजत आला होता. ते कुणालाच येणार नव्हतं. येत नाही हेच त्याचं उत्तर होतं.

चहाला ती स्वतःहून त्याच्यापाशी आली. "मुंजाजी ना? तू एकतीस म्हणला न्हाईस."

"तुमी वळखलं मॅडम," तो चाचरत म्हणाला.

"तुमी काय म्हणतूस? एका गावची हावत आपण." गावची बोली तिच्या तोंडी अजून ताजी होती. "त्या सोमवारी तू गेलास. वर्गात एकालाही आलं नव्हतं. मी सांगितलं, न्हाई आलं. सर म्हणले, क्या क्या करके देखे? मी समदं दाखवलं. मंग सरांनी इचारलं, वो इकतीसवाला कहाँ है?"

मुंजाजीनं हातातली कपबशी खिडकीत ठेवली.

"म्हणले, बुलाओ उसको. मैं भी पहले इकतीसच बोला था, मेरेकू दो महिने लगे. आन मला अकरा दिवस लागले मुंजाजी, ते बी मावशीच्या वाकळीनं."

"मंग मला कळवलं का न्हाईस?" त्यानं विचारलं.

सत्यशीलानं बोटांवरचा खडू पदराला पुसला. मग म्हणाली, "गावात पाय ठेवायची सोय होती का आमची तवा? आन तू म्हणला होतास, दंगलीनं वर्ष बुडालं. मला वाटलं, तुमच्याकडं बी काई झालं असंल."

त्याची मान खाली गेली. कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं, पण ती रागानं बोललीच नव्हती.

"तू माझ्यापेक्षा किती हुशार होतास," ती म्हणाली. "माझं काय इशेष न्हाई. मला फकस्त बसायची सवय होती. गुरुजी रोज बसवायचे ना? तू कधी बसलाच न्हाईस. खाली बसल्या बसल्या काय करणार, इचार करायचे. न आलेल्या गणिताची मला भीतीच वाटंना झाली. तेवढंच लागतं, बाकी काई न्हाई."

तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. मुंजाजी तिथंच उभा राहिला. त्याच्या मनात स्वतःचं कॉलेज नव्हतं, काझी सर नव्हते. नवाच्या पाढ्यातले अंक मिळवत बसलेली पोरगी होती. अर्धी भाकर अख्खी कशी होते, हे विचारणारी. जे सत्यशीलापाशी होतं ते त्याच्याच ओसरीवर बसलं होतं, आणि त्यानं त्याला मंद म्हटलं होतं. त्यानं शिबिराचं प्रमाणपत्रसुद्धा घेतलं नाही. मिळेल ती गाडी पकडली.

घरी पोचला तेव्हा ऊन अजून ओसरीवर होतं. चतुरा शेंगा फोडत बसली होती. बाप दिसताच ती ताडकन उठून उभी राहिली, हात बाजूला, वर्गात राहतात तशी.

त्यानं चपला काढल्या आणि जमेल तितक्या मऊपणानं विचारलं, "चतुरा, अर्ध्याला अर्ध्यानं भागलं तर एक का म्हून येतंय गं?"

"उलटं करून गुणायचं," ती एका दमात म्हणाली. "एक छेद दोन गुणिले दोन छेद एक, उत्तर एक."

"ते खरं. पर उलटं का म्हून? तू इचारलं होतंस बघ दिवाळीला."

पोरीनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग हातांकडं बघितलं. "मी न्हाई इचारलं. उलटं करून गुणायचं, एक छेद दोन गुणिले—"

"आगं, तसं न्हाई बाळा. मला बी ठाव न्हाई ते. आपुन दोघं मिळून बघू." त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घाई न्हाई कसली. बस इथं, आन इचार कर."

तो शब्द ऐकला मात्र, पोरगी खांदा सोडवून मागं सरली. पाठ भिंतीला लागली. "येतंय मला दादा, समदं येतंय," ती म्हणाली. "मला बसवू नका. मी आता इचार करत न्हाई."

सुलाबाई आतून पिठाच्या हातानं बाहेर आली, पोरीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं.

"येतंय म्हणायलीय न्हवं पोरगी?" ती म्हणाली. "मंग आता आनखी काय पायजे तुमाला?"